जन्मठेप म्हणजे नेमकी किती वर्षे? (थ्रेड)

१/ नवी मुंबईत खारघरजवळ तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातील दोषी अबू सालेम याने शिक्षेची बरीच वर्षे तिथे काढली. २०२४ मध्ये त्याला नाशिकरोड कारागृहात हलवण्यात आले. त्याला दोन खटल्यांत जन्मठेप झाली आहे. तरीही त्याला तुरुंगात जास्तीत जास्त किती काळ ठेवता येईल, याचा आकडा ठरलेला आहे : २५ वर्षे. त्याच तुरुंगांतल्या जन्मठेपेच्या बहुतेक बंद्यांकडे असा आकडा नाही. हा विरोधाभास कसा निर्माण झाला, याचा इतिहास दीडशेहून अधिक वर्षांचा आहे.

२/ या थ्रेडचे म्हणणे आरंभीच स्पष्ट असावे. दीर्घ शिक्षा आणि लवकर सुटका यांच्यातील वाद सहसा 'कठोर' विरुद्ध 'दयाळू' असा मांडला जातो. इतिहास वेगळे सांगतो. खरा प्रश्न न्यायालयात उच्चारलेली शिक्षा आणि प्रत्यक्ष भोगलेली शिक्षा यांच्यातील अंतराचा आहे. हे अंतर कोण ठरवते, केव्हा ठरवते आणि कोणासमोर ठरवते? ते बंद दाराआड ठरत राहिले की बंदी आणि पीडित या दोघांवरही अन्याय होतो.

३/ आधी शब्दांची उकल. महाराष्ट्रात 'पॅरोल' म्हणजे सुटका नव्हे. फर्लो व पॅरोल नियमांनुसार या दोन्ही तात्पुरत्या रजा आहेत. फर्लो म्हणजे 'संचित रजा'. ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर आणि वर्तन चांगले असल्यास ती मिळू शकते. पॅरोल म्हणजे 'अभिवचन रजा'. ती घरातील मृत्यू, आजारपण, लग्न अशा कारणांसाठी असते. रजा संपली की बंद्याने परत यायचे. कायमचे बाहेर पडण्याचा मार्ग निराळा आहे. त्याला शिक्षामाफी किंवा मुदतपूर्व सुटका म्हणतात. अमेरिका किंवा इंग्लंडच्या बातम्यांत जो 'पॅरोल' येतो, तो या दुसऱ्या प्रकाराच्या जवळचा आहे.

४/ 'अभिवचन' हा मराठी प्रतिशब्द मात्र अतिशय नेमका आहे. 'पॅरोल' या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थच 'दिलेला शब्द' असा होतो. पकडलेला सैनिक पुन्हा शस्त्र न उचलण्याचे वचन देई आणि मोकळा होई. कैद्यांच्या बाबतीत या कल्पनेला पद्धतीचे रूप देणाऱ्यांत अलेक्झांडर मॅकोनॉकी याचे नाव अग्रभागी येते. १८४० ते १८४४ या काळात तो ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावरील कैदी वसाहतीचा प्रमुख होता. शिक्षा वर्षांत न मोजता गुणांत मोजावी, कैद्याने श्रम आणि वर्तन यांच्या बळावर ते गुण कमवावेत आणि टप्प्याटप्प्याने मोकळे व्हावे, अशी त्याची योजना होती. पुढे आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टनने ती आणखी विकसित केली.

५/ हिंदुस्थानात ही कल्पना आली ती काळ्या पाण्याच्या वाटेने. कंपनी सरकार इथले कैदी सिंगापूर, पिनांग, मॉरिशस येथे पाठवी, आणि पूर्वेकडचे कैदी इथे आणी. महाबळेश्वरला १८३० च्या दशकात चिनी आणि मलायी कैद्यांचा तुरुंग होता. तो १८६४ मध्ये बंद झाला. थंड हवेच्या त्या गावातील रस्त्यांना आणि भाजीमळ्यांना या कैद्यांचे हात लागले आहेत. तिथल्या कित्येक सहलकऱ्यांना आजही याची कल्पना नसते. १८५८ पासून अंदमान ही मुख्य वसाहत झाली. तिथेही कैद्यांचे वर्ग होते. वर्षानुवर्षांच्या चांगल्या वर्तनानंतर काहींना बेटावरच शेती-व्यवसाय करून राहण्याची मुभा मिळे.

६/ म्हणजे 'आजन्म' हा शब्द व्यवहारात पहिल्यापासूनच लवचीक होता. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील दोन कलमे इथे महत्त्वाची आहेत. कलम ५७ म्हणते : शिक्षेचा अंश काढायचा असेल तर आजन्म काळे पाणी २० वर्षांइतके धरावे. कलम ५५ म्हणते : सरकार ही शिक्षा बदलून जास्तीत जास्त १४ वर्षांचा कारावास करू शकते. २० आणि १४ हे दोन आकडे इथून निघाले. पुढच्या शतकभरात त्यांनी वकिलांना, बंद्यांना आणि चित्रपटांच्या पटकथाकारांनाही पुरते गोंधळात टाकले.

७/ अटींवर सुटका ही गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. १४ सप्टेंबर १८९७ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाबद्दल १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. त्यांची सुटका व्हावी म्हणून मॅक्स म्युलरसारख्या विद्वानांनी राणी व्हिक्टोरियाकडे अर्ज केला. ६ सप्टेंबर १८९८ रोजी, म्हणजे मुदतीच्या सुमारे सहा महिने आधी, टिळक येरवड्याहून सुटले. सुटकेला अटी होत्या. सुटकेनिमित्त होणाऱ्या समारंभांत भाग घ्यायचा नाही, आणि पुन्हा राजद्रोहात दोषी ठरल्यास उरलेली शिक्षा भोगायची. आजच्या भाषेत हीच सशर्त शिक्षामाफी.

८/ दुसरे उदाहरण विनायक दामोदर सावरकरांचे. १९१० च्या डिसेंबरात आणि १९११ च्या जानेवारीत त्यांना काळ्या पाण्याच्या दोन शिक्षा झाल्या. त्या एकामागून एक भोगायच्या होत्या. बेरीज ५० वर्षे. कागदोपत्री सुटकेचे साल १९६०. प्रत्यक्षात १९२१ मध्ये त्यांना अंदमानातून परत आणण्यात आले. ६ जानेवारी १९२४ रोजी ते येरवड्यातून सुटले. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही, या अटी होत्या. ते बंधन वाढत वाढत १९३७ पर्यंत चालले. त्यांच्या अर्जांवरील वाद हा स्वतंत्र विषय आहे. इथे पाहण्यासारखे आहे ते शिक्षेचे गणित : उच्चारलेली ५० वर्षे, कैदेतली साधारण १४ वर्षे आणि स्थानबद्धतेतली १३.

९/ टिळक आणि सावरकर, दोघांच्याही बाबतीत सुटकेचा निर्णय न्यायालयाचा नव्हता. तो सरकारचा होता. परक्या राज्याने दयेचा अधिकार राजकीय हत्यार म्हणून वापरावा, यात नवल नाही. प्रश्न पुढचा आहे. स्वराज्य आल्यावर हा अधिकार बदलला का?

१०/ शब्द बदलला. १९५५ च्या दुरुस्तीने, १ जानेवारी १९५६ पासून, दंड संहितेतील 'आजन्म काळे पाणी' जाऊन 'आजन्म कारावास' आला. समुद्र नाहीसा झाला, चार भिंती उरल्या. 'आजन्म' म्हणजे किती, हे मात्र कोणीच सांगितले नाही. तो प्रश्न सर्वोच्च न्यायालयासमोर नेणारा बंदी होता गोपाळ गोडसे.

११/ महात्मा गांधींच्या हत्येच्या कटात १० फेब्रुवारी १९४९ रोजी लाल किल्ल्यातील विशेष न्यायालयाने गोपाळ गोडसे याला आजन्म काळ्या पाण्याची शिक्षा दिली. पुढे पंजाबातून त्याला नाशिकरोड कारागृहात आणण्यात आले. तुरुंगात त्याने मिळवलेल्या माफीचा हिशेब निकालपत्रातच आहे : साधी माफी ८३६ दिवस, विशेष माफी १२०६, शारीरिक प्रशिक्षणाची ११३, साक्षरतेची १०८, वार्षिक चांगल्या वर्तनाची २५० आणि राज्य सरकारची ४५०. एकूण २९६३ दिवस, म्हणजे आठ वर्षांहून थोडे अधिक.

१२/ गोडसेचे म्हणणे असे : प्रत्यक्ष कैद अधिक ही माफी मिळून २० वर्षे भरली, कायदा आजन्म शिक्षा २० वर्षांची धरतो, म्हणून मला सोडा. १२ जानेवारी १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अर्ज फेटाळला. आजन्म शिक्षा म्हणजे उरलेल्या संपूर्ण आयुष्याची शिक्षा, असे न्यायालयाने सांगितले. २० हा आकडा हिशेबापुरता आहे. तुरुंगात कमावलेले दिवस सरकारसमोर विचारार्थ येतील, पण सुटकेचा हक्क देणार नाहीत. सोडायचे की नाही, हे पूर्णतः सरकारच्या अधिकारातील आहे.

१३/ हा निकाल आजही पायाभूत मानला जातो. कायद्याच्या दृष्टीने त्याचा तर्क पक्का आहे. त्याचा परिणाम मात्र लक्षात घेण्याजोगा आहे. 'आजन्म' या शब्दाला न्यायालयाने पूर्ण अर्थ दिला आणि त्या अर्थाला अपवाद करण्याची किल्ली मंत्रालयाच्या हाती सोपवली. ती किल्ली कशी फिरते, हे १९६४ या एकाच वर्षात महाराष्ट्राने दोनदा पाहिले.

१४/ पहिला प्रसंग मार्च १९६४ चा. नौदल अधिकारी कावस नानावटी याने २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत प्रेम आहुजाचा गोळ्या घालून खून केला. ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी त्याला निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने तो कौल झुगारून ११ मार्च १९६० रोजी जन्मठेप दिली, आणि त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा स्थगित केली! त्या स्थगितीची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाला स्वतंत्र निकालाने आखून द्यावी लागली. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी जन्मठेप कायम झाली. त्यानंतर अडीच वर्षांच्या आत राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी नानावटीला माफी दिली.

१५/ दुसरा प्रसंग ऑक्टोबर १९६४ चा. सोळा वर्षांहून अधिक काळ कैदेत काढलेला गोपाळ गोडसे सुटला. नोव्हेंबरात पुण्यात त्याच्या सुटकेनिमित्त सत्यविनायकाची पूजा आणि सत्कार झाला. तिथे ग. वि. केतकर यांनी गांधीहत्येच्या बेताची आपल्याला आधीच कल्पना होती, असे सांगितले. देशभर संताप उसळला. गोडसेला भारत संरक्षण कायद्याखाली पुन्हा स्थानबद्ध करण्यात आले. तो १९६५ च्या अखेरीस बाहेर आला. या प्रकरणातूनच पुढे कपूर आयोग नेमला गेला. टिळकांच्या सुटकेवर घातलेली समारंभबंदीची अट अशा वेळी आठवते.

१६/ नानावटी आणि गोडसे यांचे गुन्हे एका तराजूत तोलण्यासारखे नाहीत, आणि इथे तसा हेतूही नाही. मुद्दा पद्धतीचा आहे. दोघांची शिक्षा एकाच नावाची : जन्मठेप. एक अडीच वर्षांच्या आत बाहेर, दुसरा सोळा वर्षांनी. दोन्ही निर्णयांची कारणे भर न्यायालयात मांडली गेली नाहीत, तपासली गेली नाहीत. आणि त्याच वर्षी राज्याच्या तुरुंगांत असे असंख्य जन्मठेपेचे बंदी होते, ज्यांच्यासाठी ना वृत्तपत्रांनी मोहीम चालवली, ना कोणी पूजा घातली.

१७/ आता 'चौदा वर्षां'कडे. श्रीरामाच्या वनवासामुळे हा आकडा मराठी कानाला आपसूकच पटतो. पण कायद्यात त्याचा प्रवास उलटा आहे. १८६० मध्ये १४ ही कमाल मर्यादा होती : शिक्षा बदलायची तर याहून जास्त कैद नको. १९७८ मध्ये फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३३अ आले आणि १४ ही किमान मर्यादा झाली. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात जन्मठेप झाली असेल, किंवा फाशीची जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष १४ वर्षे भोगल्याशिवाय सोडायचे नाही. छत आणि जमीन यांचा आकडा एकच असल्याने लोकांनी त्यालाच घर समजून घेतले.

१८/ म्हणून नीट ध्यानात ठेवावे : १४ वर्षांनी जन्मठेप संपत नाही. १४ वर्षांनी फक्त अर्जाचा विचार होऊ शकतो. ११ नोव्हेंबर १९८० रोजी 'मारू राम' खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४३३अ वैध ठरवले. त्याच वेळी राष्ट्रपती आणि राज्यपाल यांचे घटनेतील कलम ७२ आणि १६१ खालचे अधिकार अबाधित ठेवले. मात्र ते मनमानीने वापरू नयेत, असेही बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हीच तरतूद कलम ४७५ म्हणून आली आहे.

१९/ महाराष्ट्राने या मोकळ्या जागेत मार्गदर्शक तत्त्वे आणली. १९९२ ची आहेत, २०१० ची आहेत. गुन्ह्याचा हेतू, पूर्वनियोजन, क्रूरता, टोळीशी संबंध यांनुसार बंद्यांचे वर्ग पाडायचे आणि प्रत्येक वर्गाला वर्षे ठरवून द्यायची. ही निश्चितच प्रगती होती. पण तत्त्वे बदलत राहतात आणि त्याबरोबर प्रश्न उभा राहतो : कोणत्या दिवशीचे धोरण लावायचे? शिक्षा झाली त्या दिवशीचे, की अर्ज विचारात आला त्या दिवशीचे? २०१० च्या 'जगदीश' निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोषसिद्धीच्या दिवशीचे धोरण लागू होते, असे सांगितले.

२०/ अरुण गवळीचे प्रकरण याच फटीत उभे आहे. नगरसेवक कमलाकर जामसांडेकर यांच्या २००७ मधील खुनाबद्दल त्याला २०१२ मध्ये मोक्काखाली जन्मठेप झाली. वृद्ध आणि अशक्त बंद्यांसाठीच्या २००६ च्या धोरणाचा आधार त्याने घेतला. मोक्काच्या बंद्यांना वगळणारी दुरुस्ती पुढे २०१५ मध्ये झाली होती. ५ एप्रिल २०२४ रोजी नागपूर खंडपीठाने त्याच्या बाजूने आदेश दिला. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये, दोषसिद्धीविरुद्धचे अपील प्रलंबित असताना, त्याला जामीन मंजूर झाला. ज्याला उच्च न्यायालयापर्यंत वकील नेता येतो, त्याच्यासाठी धोरणातील तारीख हे शस्त्र ठरते. ज्याला तसे करता येत नाही, त्याचा कागद कारागृहाच्या कार्यालयातच थांबतो.

२१/ न्यायालयांनाही या अनिश्चिततेची अस्वस्थता वाटू लागली. २००८ च्या 'स्वामी श्रद्धानंद' खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर पेच होता : फाशी फार वाटते, पण १४ वर्षांनी सरकार सोडून देईल ही शक्यता फार थोडी वाटते. न्यायालयाने मधला मार्ग काढला : माफीविना, मृत्यूपर्यंत कैद. २ डिसेंबर २०१५ रोजी घटनापीठाने ३ विरुद्ध २ बहुमताने अशी विशेष शिक्षा वैध ठरवली. शासनाच्या दयेवर विश्वास उरला नाही की न्यायालय दयेचे दारच बंद करते. हा उपाय समजण्यासारखा आहे. तो उत्तम मात्र म्हणता येत नाही.

२२/ त्या अविश्वासाला कारण होते, हे २०२२ ने दाखवले. बिल्किस बानो प्रकरणी मुंबईच्या न्यायालयाने जानेवारी २००८ मध्ये ११ जणांना जन्मठेप दिली होती. १५ ऑगस्ट २०२२ रोजी गुजरात सरकारने १९९२ च्या जुन्या धोरणाखाली त्यांना सोडले. ८ जानेवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती सुटका रद्द केली. खटला महाराष्ट्रात चालला, म्हणून निर्णयाचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा होता, असे निकालात म्हटले. 'लवकर सुटका' या शब्दांनी पीडितेच्या पोटात गोळा का येतो, हे ज्यांना कळत नाही, त्यांनी हे प्रकरण वाचावे.

२३/ आता पुन्हा तळोजा. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांत २५७ माणसे मारली गेली. सालेम २००२ मध्ये लिस्बनला पकडला गेला. पोर्तुगालने जन्मठेप १८८४ मध्येच रद्द केलेली; तिथे कमाल कैद २५ वर्षे. डिसेंबर २००२ मध्ये उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी हमी दिली : फाशी नाही, २५ वर्षांहून जास्त कैद नाही. नोव्हेंबर २००५ मध्ये तो भारतात आला. ११ जुलै २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की देशाने दिलेला शब्द पाळावा लागेल. गणना १२ ऑक्टोबर २००५ पासून. म्हणजे ऑक्टोबर २०३०.

२४/ पुढचा भाग इतिहासप्रेमींनी बारकाईने वाचावा. सालेमने अर्ज केला की तुरुंगात कमावलेली माफी मिळवली तर आपली २५ वर्षे भरलीच आहेत. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती प्रथमदर्शनी भरलेली नाहीत, असे म्हटले. प्रत्यक्ष दिवस अधिक माफीचे दिवस : हे गणित १९६१ मध्ये नाशिकरोडच्याच एका बंद्याने मांडले होते. ६४ वर्षे उलटली, आकडा २० चा २५ झाला, बेरीज तीच राहिली. कारण 'जन्मठेप म्हणजे किती' या प्रश्नाचे उत्तर कायदेमंडळाने आजही दिलेले नाही.

२५/ आक्षेप दोन्ही बाजूंनी येतात. पहिला : अशा गुन्हेगारांना कधीच सोडू नये. हा संताप खरा आहे, आणि २५७ कुटुंबांपुढे उभे राहून त्याला क्षुद्र म्हणता येणार नाही. पण 'कधीच नाही' हे उत्तरही न्यायालयात, पुराव्यांसह, आरंभीच दिले गेले पाहिजे. दुसरा आक्षेप : माणूस बदलतो, म्हणून दार शक्य तितक्या लवकर उघडावे. माणूस बदलतो हे मान्य. पण बदलला हे ठरवणार कोण, कोणत्या कसोटीवर? कसोटी जाहीर नसेल तर 'बदलला' याचा अर्थ 'ओळख निघाली' असा होण्यास वेळ लागत नाही.

२६/ इतर देशांनी दोन वाटा पाहिल्या. अमेरिकेने १९८४ च्या कायद्याने संघीय तुरुंगांतील पॅरोल बंद केला : उच्चारलेली शिक्षा जवळजवळ पूर्ण भोगायची. आकडा प्रामाणिक झाला, पण त्याचबरोबर अमली पदार्थांचे कठोर कायदे आले आणि पुढील दोन दशकांत संघीय तुरुंगांतील बंदिसंख्या कित्येक पटींनी वाढली. इंग्लंडमध्ये जन्मठेप देताना न्यायाधीश किमान मुदत खुल्या न्यायालयात सांगतात. ती संपल्यावर स्वतंत्र मंडळ धोका तपासते, आणि सुटल्यावरही अटी आयुष्यभर राहतात. पीडिताच्या कुटुंबाला पहिल्याच दिवशी ठाऊक असते की अमुक वर्षापर्यंत हा माणूस बाहेर येणार नाही.

२७/ भारतातही दिशा दिसू लागली आहे. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की ज्या राज्यात माफीचे धोरण आहे, तिथे पात्र बंद्याने अर्ज केला नसला तरी सरकारने त्याचा विचार करावा, अटी वाजवी असाव्यात आणि नकाराची कारणे नोंदवावीत. निरक्षर, वकील नसलेल्या बंद्यासाठी हा मोठा आधार आहे. पण हे अर्धे पाऊल झाले. उरलेले अर्धे शिक्षा सुनावण्याच्या दिवशी उचलायला हवे.

२८/ ते पाऊल असे असू शकते. जन्मठेप देतानाच न्यायालयाने पहिल्या फेरविचाराचे वर्ष आणि त्यामागची कारणे निकालपत्रात लिहावी. ते वर्ष आल्यावर निर्णय मंत्रालयातील फाइलीवर न होता, निवृत्त न्यायाधीश, मानसोपचारतज्ज्ञ, कारागृह अधिकारी यांच्या मंडळासमोर व्हावा. पीडित किंवा वारसांना नोटीस जावी आणि त्यांचे म्हणणे ऐकले जावे. होकार असो वा नकार, कारणांसह आदेश प्रसिद्ध व्हावा. राज्यपालांचा दयेचा अधिकार अपवादासाठी राहो. तो नेहमीचा रस्ता होऊ नये.

२९/ याने शिक्षा कमी होतील का? कदाचित काही वाढतील. क्रूर गुन्ह्यात न्यायाधीश ३० वर्षेही लिहितील, आणि घरगुती भांडणात हातून खून झालेल्या, तुरुंगात म्हाताऱ्या झालेल्या एखाद्या स्त्रीला १४ वर्षांनंतर खरोखरच सुनावणी मिळेल. आज या दोघांच्याही निकालपत्रावर एकच शब्द असतो, आणि त्या शब्दाचा अर्थ पुढचे सरकार, पुढचे धोरण आणि पुढची निवडणूक ठरवते.

३०/ सालेमला तारीख मिळाली ती भारतीय कायद्यामुळे नव्हे. परक्या देशाने विचारले, 'किती वर्षे?' आणि भारताला आकडा लिहून द्यावा लागला. तोच प्रश्न स्फोटात मुलगा गमावलेली आई विचारू शकते. तळोज्यातला, कोणाच्याही लक्षात नसलेला बंदी आणि त्याची बाहेर वाट पाहणारी मुलगीही विचारू शकतात. पोर्तुगालला जे उत्तर दिले, ते देशाच्या नागरिकांना देण्यास प्रजासत्ताकाला अडचण का असावी?

(थ्रेड समाप्त)